पाऊण शेराचा संगणक

दसरा उलटला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. श्रावणात लोक मला मिक्सरविषयी विचारतात, गणपतीत स्पीकरविषयी. आणि बोनसची बातमी कानावर आली की चिरंजीवांच्या मागण्या तीर्थरूपांच्या अक्षरात येऊ लागतात. यंदा एकच प्रश्न इतक्या घरांतून आला आहे की, दिवाळी अंकात संपादकांनी मला दिलेली जास्तीची जागा त्यालाच खर्ची घालायचे ठरवले. प्रश्न असा: "मुलगा हातात धरून खेळायचा संगणक मागतो. सत्तर हजार पडतील म्हणतो. हे प्रकरण नक्की काय आहे, आणि घ्यायचाच झाला तर कोणता घ्यावा?"

पहिल्या निम्म्याचे उत्तर सोपे. हा मोबाईल नव्हे आणि विटांचा खेळ खेळायची ती जुनी डबीही नव्हे. टेबलाखाली घरघरणाऱ्या मोठ्या डब्यातला सगळा ऐवज सात इंची पडद्यामागे कोंबायचा, दोन्ही बाजूंना अंगठ्यांनी फिरवायच्या दांड्या आणि बटणे बसवायची, की झाले हे यंत्र तयार. जीपीडी नावाची एक चिनी कंपनी २०१६ पासून असली यंत्रे करीत होती, पण ती हौशी मंडळींपुरती राहिली. बोलबाला झाला तो फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस, अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचा 'स्टीम डेक' ग्राहकांच्या हाती पडू लागला तेव्हा. याच कंपनीने २०१५ साली लिनक्सवर चालणारी 'स्टीम मशीन' काढली होती. त्यावर चालणारे खेळच पुरेसे नसल्यामुळे ती आपटली. मग २०१८ मध्ये कंपनीने 'प्रोटॉन' नावाचा एक दुभाषा नेमला. खेळ विंडोजच्या भाषेत बोलतो, लिनक्सला ती कळत नाही. हा दुभाषा मध्ये उभा राहून जागच्या जागी भाषांतर करतो, आणि ते इतके चोख करतो की बहुतेक वेळा खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही. स्टीम डेकचे यश त्यातल्या काचेपेक्षा आणि प्लास्टिकपेक्षा या दुभाष्याचे अधिक आहे. डेकच्या मागोमाग जून २०२३ मध्ये असूसचा 'आरओजी अलाय' आला, त्याच वर्षी लेनोव्होचा 'लीजन गो', आणि मग दुकानातली फळी भरून गेली.

आता दुसरे निम्मे. आमचा भाचा ठाण्याला असतो. त्याच्याबरोबर मी एका दुकानात गेलो होतो. विक्रेता मोठा उत्साही. पाढे म्हणावेत तसे पडद्याचे आकडे म्हणत होता. हा सात इंची, १९२० गुणिले १०८०. तो पावणेनऊ इंचांच्या जरा वर, २५६० गुणिले १६००. हा सेकंदाला १२० वेळा रंगतो, तो १४४. गिऱ्हाईक या आकड्यांनी भारावते हे मी पाहिले आहे, म्हणून गुणाकार करूनच सांगतो. स्टीम डेकच्या पडद्यावर १२८० गुणिले ८०० म्हणजे सुमारे दहा लाख ठिपके आहेत. अलायच्या पडद्यावर त्याच्या दुप्पट आणि लीजन गोच्या पडद्यावर बरोबर चौपट. हे ठिपके सेकंदाला तीस-चाळीस वेळा रंगवायचे काम आत बसलेल्या एकाच चिमुकल्या रंगाऱ्याला करायचे असते. भिंत चौपट झाली म्हणून रंगाऱ्याचे हात चौपट होत नाहीत. तेव्हा मोठ्या खेळात मोठ्या पडद्याचा मालक शेवटी काय करतो? ठिपके कमी करून खेळतो! चौपट ठिपक्यांचे पैसे मोजायचे आणि निम्मे-पाव वापरायचे, हा व्यवहार मला तरी शहाणपणाचा वाटत नाही.

पाढे म्हणायचेच तर वॅटचे म्हणावेत. बॅटरीवर 'वॅट-तास' असा आकडा छापलेला असतो. पहिल्या डेकमध्ये तो ४० होता, नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ओलेड पडद्याच्या डेकमध्ये ५०. अलायमध्ये ४०, आणि २०२४ च्या 'अलाय एक्स'मध्ये एकदम ८०. यंत्र किती वॅट खाते त्याने या आकड्याला भागा, तास मिळतील. 'स्टार्ड्यू व्हॅली' हा एरिक बरोन या एकाच माणसाने केलेला शेतीचा खेळ. नांगरा, पेरा, पाणी घाला. त्याला आठ-दहा वॅट पुरतात, म्हणजे ४० च्या बॅटरीवर चार-पाच तास निघाले. 'एल्डन रिंग'सारखा राक्षस त्याच यंत्रावर आणला की तो पंचवीसच्या आसपास वॅट गिळतो आणि दीड तासात दिवा मिणमिणू लागतो. कंपनीने स्वतःच पहिल्या डेकचा काळ 'दोन ते आठ तास' असा सांगितला होता. काहींना ती थट्टा वाटली. माझ्या मते खेळागणिक बदलणाऱ्या गोष्टीचे ते प्रामाणिक वर्णन होते.

याच हिशेबातून एक युक्ती निघते, आणि ती सांगितल्याबद्दल एका वाचकाने मला दुवा दिला आहे. खेळ सेकंदाला ६० चित्रांचा असला की प्रत्येक चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद लागतात. ३० चा असला की ३३. या दोहोंच्या बरोबर मध्यावर, २५ मिलिसेकंदांवर, येतात ती ४० चित्रे. आकडा तीसकडे झुकलेला दिसतो, पण बटण दाबल्यापासून पडदा हलेपर्यंतची वाट मधोमध तुटते, आणि रंगाऱ्याचे एक तृतीयांश काम वाचते. डेकवर उजव्या हाताच्या तीन ठिपक्यांच्या बटणामागे ही मर्यादा घालायची सोय आहे. तिथेच वॅटचीही मर्यादा घालता येते. नवे यंत्र घरी आले की पहिल्या संध्याकाळी हेच करावे. पंख्याची शीळ कमी होते, हात भाजत नाहीत, आणि मे महिन्यात तर हा फरक शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसालाही कळतो.

वजनाचे मात्र असे सरळ गणित नाही, आणि भाच्याबरोबर दुकानात जायचे खरे कारणही तेच होते. आमच्या भाऊजींना, म्हणजे त्याच्या वडिलांना, दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला. चालतात, बोलतात, चिडतातही पूर्वीसारखे. पण डाव्या हाताची पकड गेली ती गेली. त्याआधी बापलेकांचा रात्री जेवणानंतर तासभर 'एज ऑफ एम्पायर्स'चा डाव चाले. कोणी कोणाचा किल्ला कसा पाडला यावर दुसऱ्या दिवशी चहाला वाद. झटक्यानंतर भाऊजी टेबलाशी बसेनात. आरामखुर्चीत पडून राहायचे आणि मुलगा कामावरून आला की, "आलास? जेवून घे," एवढेच बोलायचे. सत्तर-ऐंशी हजारांचा प्रश्न त्या घरात खेळण्याचा नव्हता.

मी घरून निघताना वजनांची यादी करून नेली होती. अलाय ६०८ ग्रॅम, ओलेड डेक ६४०, पहिला डेक ६६९, अलाय एक्स ६७८, आणि लीजन गो ८५४. जुन्या मापात सांगायचे तर बाकीचे पाऊण शेराच्या आतबाहेर आणि शेवटचा शेराला थोडा कमी. पाऊण शेर दुधाचे भांडे दोन्ही हातांनी छातीसमोर धरून तासभर बसून पाहा, म्हणजे दुकानात दोन मिनिटे हाताळून वजन कळत नाही हे लक्षात येईल. माझ्या यादीप्रमाणे लीजन गो सर्वांत आधी बाद व्हायला हवा होता. पण भाच्याने त्याच्या दोन्ही बाजू खटाखट काढून वेगळ्या केल्या, मागचा टेकू उघडून पडदा काउंटरवर उभा केला, आणि बाजूचे दोन तुकडे माझ्या दोन हातांत दिले. एकेक जेमतेम शंभर ग्रॅमांच्या वर. "मामा, बाबांना काही उचलायचंच नाही. डावा तुकडा उशीवर राहील. अंगठा तर त्यांचा चालतो ना!"

घेतला तोच. भाऊजींच्या खुर्चीपुढे जेवणाचे घडीचे टेबल आले, त्यावर पडदा. डाव्या बाजूची काही बटणे उजव्या तुकड्याच्या मागे असलेल्या बटणांवर नेमून दिली. या सोयीची जाहिरात कोणी करीत नाही, पण घेण्यापूर्वी जरूर विचारावी. उजवा तुकडा उभा धरून टेबलावर सरकवला की तो माऊसचे काम करतो, त्यामुळे जुना डावही सुटला नाही. डॉक्टरांनी याला औषध म्हटलेले नाही आणि मीही म्हणत नाही. हात आहे तसाच आहे. पण परवा सकाळी फोन केला तर मागून किल्ल्यावरून बाचाबाची ऐकू येत होती आणि ताई म्हणाली, "नंतर कर रे, दोघेही ऐकायच्या मनःस्थितीत नाहीत."

दोन्ही हात धड असलेल्या, नोकरीधंद्याच्या माणसाने मात्र वेगळी गोष्ट तपासावी. ती म्हणजे यंत्राची झोप. प्रपंचातल्या माणसाला खेळायला सलग दोन तास कोण देतो? कुकरच्या तीन शिट्ट्यांइतका वेळ मिळतो, तेवढ्यात दार वाजते. डेकचे बटण दाबले की खेळ आहे त्या क्षणी डोळे मिटतो, आणि संध्याकाळी पुन्हा दाबले की तलवार जिथे उगारलेली होती तिथूनच खाली येते. विंडोजच्या यंत्रांना ही झोप तितकीशी साधलेली नाही. कधी पिशवीतच जागी होऊन तापत बसतात. शिवाय विंडोज हे माऊस आणि मोठा पडदा डोळ्यांपुढे ठेवून घडवलेले. सात इंचांवर त्याची ती बारीक चौकट अंगठ्याने मिटवताना चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा संयम सुटतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये एक्सबॉक्सचे नाव लावून आलेल्या अलायवर यासाठी पूर्ण पडद्याची वेगळी मांडणी दिली. आणि त्याआधी, मे २०२५ मध्ये, लेनोव्होने 'लीजन गो एस' हे यंत्र थेट डेकच्या स्टीमओएससह विकायला काढले. वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे ते यावरून दिसतेच.

मग सगळ्यांनी स्टीमओएसच घ्यावे काय? नाही. चिरंजीव मित्रांबरोबर 'व्हॅलोरंट' किंवा 'फोर्टनाइट' खेळत असतील तर ते स्टीमओएसवर चालत नाहीत. लबाडी पकडणारा जो पहारेकरी या खेळांबरोबर येतो, त्याची व्यवस्था लिनक्ससाठी केलेली नाही. तिथे आपल्या दुभाष्याचे काही चालत नाही. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी मुलाला समोर बसवून तो खरोखर खेळतो त्या पाच खेळांची नावे कागदावर लिहून घ्यावीत आणि स्टीमच्या दुकानात त्यापुढे हिरवी खूण आहे की पिवळी ते पाहावे. हा कागद पुष्कळ भांडणे वाचवतो.

पैशांचे म्हणाल तर अलाय भारतात जुलै २०२३ मध्ये आला तो ६९,९९० रुपयांना. डेक २०२२ मध्ये निघाला तेव्हा ज्या देशांत मिळत होता त्यांत भारत नव्हता. परदेशातल्या आतेभावाकडून मागवायचा असेल तर जकात आणि दुरुस्तीची हमी या दोन्हींची चौकशी आधी करावी. एवढ्या पैशांत एक लॅपटॉप येतो, हा पालकांचा आक्षेप रास्त आहे. त्यावर उत्तर इतकेच की हाही संगणकच आहे. पन्नास रुपयांच्या पाटासारखा दिसणारा एक डॉक, त्याला घरचा टीव्ही, कळफलक आणि माऊस जोडला की त्यावर पत्र लिहिता येते, हिशेब मांडता येतो. हा मजकूर मी त्यावरच टंकला आहे. पण वर्षभर अभ्यासाला एकमेव यंत्र म्हणून मी तो कुणाला घ्यायला सांगणार नाही. त्यासाठी लॅपटॉपच बरा.

विमानाने जाणाऱ्यांसाठी: बॅटरी शंभर वॅट-तासांच्या आतली असल्याने यंत्र हातातल्या पिशवीतून नेता येते, पॉवर बँक तर सामानात टाकूच नये, जवळच ठेवावी. पॉवर बँक घेताना ती निदान ४५ वॅट देते ना ते पाहावे, नाहीतर एकीकडून भरते आणि दुसरीकडून गळते.

आणि घरात खेळणारे एकाहून अधिक असतील तर स्टीमचे कौटुंबिक खाते उघडावे. एका घरातल्या सहा जणांना एकमेकांचे खेळ वापरता येतात. मुलांनी किती वेळ खेळावे आणि काय विकत घ्यावे यावर आईबापांचा अंकुशही ठेवता येतो. अट एकच: एका प्रतीवर एका वेळी एकानेच खेळायचे. ठाण्याला याच अटीपायी 'एज ऑफ एम्पायर्स'ची दुसरी प्रत घ्यावी लागली. पैसे भाऊजींनी दिले, मुलाला न विचारता.