कात्रजचा घाट आणि घरचा संगणक

शाहिस्तेखानावरील छाप्यानंतर, १६६३ मध्ये, बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना कात्रजचा घाट दाखविला गेला, अशी कथा सांगतात. आज त्याच कात्रजमधील एखाद्या शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरी डोकावल्यास, घाट दाखविणारा तेवढा बदललेला दिसेल. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबविली. काही अटींवर वर्षभराची मुदतवाढ देऊ केली खरी. परंतु विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था व नवा प्रोसेसर लागतो, आणि २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक तेथे अपात्र ठरतात. यंत्र ठणठणीत आहे, हिशेब जुळतो, छपाई होते; तरी ते बाद! ते बाद ठरविण्याचा अधिकार विकत घेणाऱ्याकडे नाही, मेख आहे ती येथे.

याला पर्याय नाही असे नव्हे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेला ग्नू प्रकल्प आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला लिनक्सचा गाभा यांतून उभ्या राहिलेल्या उबंटू, मिंट आदी प्रणाली विनामूल्य मिळतात. पेनड्राइव्हवरून त्या आधी चालवूनही पाहता येतात. पत्रे व गुणपत्रके यांना लिबरऑफिस पुरते.

मराठी माणसाची खरी अडचण मात्र निराळी आहे. वीस वर्षे जमविलेल्या प्रश्नपत्रिका शिवाजी वा श्रीलिपीच्या जुन्या फाँटांत असतात. त्यांत मराठी अक्षर रोमन अक्षराच्या जागी बसविलेले असते. फाँट नसला की पडद्यावर निव्वळ अर्थहीन चिन्हे उमटतात. हा दोष लिनक्सचा नव्हे, आपल्या जुन्या सवयीचा. युनिकोड आणि इन्स्क्रिप्ट कळफलक दोन्ही प्रणालींवर सारखेच चालतात.

आश्चर्य सरकारचे वाटते. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली तयार केली. केंद्राने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण आखले. केरळने ते शाळांत प्रत्यक्ष आणले. आपल्याकडे मात्र संगणक शिकणे म्हणजे विंडोज शिकणे, हेच समीकरण रुजले. कारकुनाने घरी कितीही धीटपणा दाखविला, तरी कचेरीने वर्डच्याच फाइलीचा आग्रह धरला तर त्याने करावे काय? शिक्षण खात्याने आपले नमुने व परिपत्रके मुक्त ओडीटी स्वरूपातही द्यावीत, एवढे तरी मागता येईल.

तोवर ज्यांना बदल करावयाचा आहे त्यांनी जुनी प्रणाली पुसण्यापूर्वी सर्व फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, आणि जुन्या फाँटांतील मजकूर, ते फाँट अजून हाताशी आहेत तोवरच, युनिकोडमध्ये आणावा.