‘आसन्न’ या एका शब्दाचे ऋण

वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परीघ आर्यभटाने ६२,८३२ सांगितला आणि त्यापुढे ‘आसन्न’ असा एक शब्द ठेवला. आसन्न म्हणजे जवळपासचा. सूत्रग्रंथात शब्दांची उधळपट्टी नसते. मग खरे मान सोडून जवळपासचे मान का सांगितले, असा प्रश्न केरळच्या नीलकंठ सोमयाजीने ‘आर्यभटीया’वर भाष्य लिहिताना विचारला. तोवर मूळ ग्रंथाला हजार वर्षे होऊन गेली होती. नीलकंठाचे उत्तर असे : ज्या मापाने व्यास नि:शेष मोजता येतो, त्याच मापाने परीघ मोजू जाता काही ना काही शेष उरतोच. माप सूक्ष्म केले तर शेष लहान होईल; नाहीसा होणार नाही.

याच परंपरेतील, चौदाव्या शतकातील संगमग्रामच्या माधवाने परिघासाठी अनंत श्रेढी दिली आणि अकरा दशांश स्थळांपर्यंत अचूक मान काढले. युरोपात ती श्रेढी ग्रेगरी आणि लाइब्निझ यांच्या नावे १६७०च्या दशकात अवतरली. येथे जयघोष करून थांबण्याचा मोह होतो. परंतु हे ज्ञान कोठे सापडते, ते पाहावे. सह्याद्रीच्या परिसरातील भास्कराचार्यांनी ११५०मध्ये ‘लीलावती’ रचली. तिच्यावर केरळात सोळाव्या शतकात शंकर वारियर याने ‘क्रियाक्रमकरी’ ही टीका लिहिली. माधवाची सूत्रे आणि त्यांची उपपत्ती त्या टीकेत आहेत! टीका म्हणजे जुन्याचे चर्वितचर्वण, हा समज किती पोकळ आहे, हे यावरून दिसावे. परमेश्वराने तर वर्षानुवर्षे ग्रहणे पाहिली, पूर्वीचे गणित आकाशाशी जुळेना तेव्हा ते सुधारले आणि १४३१मध्ये ‘दृग्गणित’ लिहिले. त्याने यात पूर्वाचार्यांचा अवमान मानला नाही.

या परंपरेवरील चार्ल्स व्हिश या कंपनीच्या अधिकाऱ्याचा निबंध १८३४मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीने छापला. पुढच्याच वर्षी मेकॉलेने, आपणास संस्कृत येत नाही असे सांगूनही, युरोपीय ग्रंथालयाच्या एका फळीपुढे आपले सारे वाङ्मय तुच्छ ठरविले. मात्र सारा दोष त्याच्या माथी मारून मोकळे होणे सोयीचे असले, तरी खरे नव्हे. व्हिशचा निबंध शंभर वर्षे जवळजवळ दुर्लक्षित राहिला. ‘युक्तिभाषा’ या मल्याळम् ग्रंथाचा गणितभाग १९४८मध्ये टिपांसह छापला गेला; के. व्ही. शर्मा यांचे समग्र इंग्रजी भाषांतर मात्र २००८मध्ये, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी आले. मधल्या काळात सत्ता मेकॉलेची नव्हती. ‘हे सर्व आमच्याकडे होतेच’ अशी भाषणे त्या काळातही होत होती, आणि टाळ्याही पडत होत्या.

मंजुल भार्गव यांना २०१४मध्ये फील्ड्स पदक मिळाले. त्यांच्या आजोबांची, जयपूरच्या संस्कृत पंडितांची, पुस्तके त्यांनी चाळली होती, आणि सातव्या शतकातील ब्रह्मगुप्ताच्या विचारातून त्यांना आपल्या संशोधनाची दिशा गवसली. बीज जुने होते, पण भार्गवांना आधुनिक गणितही तितकेच अवगत होते. आपल्याकडील सुशिक्षित घरांत काय चालते? दहावीला गुण मिळावेत म्हणून संस्कृत घ्यायचे आणि मुलगा गणितात हुशार निघाला की अकरावीत ते सोडायचे. ‘ज्ञान भारतम्’ अभियानात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व जतन करण्याचा संकल्प २०२५च्या अर्थसंकल्पात झाला. संकल्प स्तुत्य आहे. पण संगणकातील छायाचित्र स्वत:ला वाचत नाही. त्याला दोन्ही शास्त्रे जाणणारा वाचक लागतो, आणि असा वाचक घडायला पंधरा-वीस वर्षे लागतात.

हे काम केवळ शासनाचे, असे पूर्वी कोणी मानले नव्हते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. तेराव्या शतकारंभीच्या तेथील शिलालेखात त्याची नोंद आहे. राजाने दान दिले, हे ओघानेच आले. त्या लेखाचा शेवटचा भाग मात्र मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा वाटा आणि गावातील प्रत्येक घाण्यामागे एक पळी तेल मठाला द्यावे, असे त्यात लिहिले आहे.