आजी, उंदीर आणि वाटाण्याएवढा मेंदू

माझ्या आजीला हल्ली माझा चेहरा दिसत नाही. केस दिसतात, कानातले दिसतात, मधोमध मात्र करडा डाग. ‘हसतेयस की रुसलीयस, कळतच नाही गं,’ म्हणाली परवा. डॉक्टरांनी नाव सांगितलं, मॅक्युलर डीजनरेशन. रेटिनाचा मधला भाग वयानुसार झिजतो.

मग काय, बसले वाचत! पहिलाच धक्का. लॅबमधला लाडका उंदीर इथे अर्धवटच उपयोगाचा. ज्या मॅक्युलामुळे आपण अक्षरं वाचतो, चेहरे ओळखतो, तो उंदराला नसतोच. आणि जिवंत माणसाच्या रेटिनाचा किंवा मेंदूचा तुकडा कापून बघणार कसा?

इथे एन्ट्री शिन्या यामानाका यांची. क्योतो युनिव्हर्सिटीतल्या या संशोधकाने २००६मध्ये उंदराच्या, तर २००७मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशींत फक्त चार जीन्स घातले आणि पेशी चक्क बालपणात परतल्या! आता त्यांच्यापासून न्यूरॉन बनवा नाहीतर रेटिना. तेही पेशंटचाच जेनेटिक दोष घेऊन आलेले. २०१२मध्ये यासाठी नोबेल मिळालं.

२०१३मध्ये व्हिएन्नात मॅडलीन लँकास्टर आणि सहकाऱ्यांनी अशा पेशींपासून वाटाण्याएवढे ‘मिनी ब्रेन’ वाढवले. विचारबिचार करत नाहीत हं! रक्तवाहिन्याच नाहीत, त्यामुळे फार वाढतही नाहीत. पण मायक्रोसेफलीच्या, म्हणजे डोकं लहान राहणाऱ्या, पेशंटच्या पेशींपासून केलेला गोळाही लहानच राहिला. का, तर मूळ पेशी पुरेशा वाढण्याआधीच घाईने न्यूरॉन बनत होत्या. आजार डोळ्यांदेखत घडताना दिसला.

आणि आजीचा डोळा? २०१४मध्ये जपानच्या कोबे शहरात मासायो ताकाहाशी यांच्या टीमने सत्तरीतल्या एका बाईंच्या त्वचेपासून रेटिनामागचा थर बनवून डोळ्यात बसवला. वर्षभराने नजर सुधारली नव्हती, पण बिघडलीही नव्हती.

आजीला सगळं सांगितलं. ‘माझं राहू दे,’ म्हणाली, ‘तुझ्या आईचे डोळे तपासलेस का?’

बोलती बंद. त्याच रात्री आईसमोर चौकटींचा कागद धरला. एकेक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं. रेघा वाकड्या दिसल्या किंवा मधेच गायब झाल्या, तर लगेच डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा. आईला सरळ दिसल्या. अपॉइंटमेंट तरीही घेतलीच.

या वीकेंडला मॉल राहू द्या. घरी जा, कागद न्या.