काजूच्या बागेतून घरी आलेला ताप

माघ सरत आला की सिंधुदुर्गातील आणि गोव्यातील काजूच्या बागा पिवळ्या-तांबड्या बोंडूंनी भरून जातात. पहाटेपासून माणसे झाडाखाली वाकून बोंडू गोळा करतात, बी पिरगाळून वेगळी करतात आणि दमली की तेथेच पाचोळ्यावर घटकाभर टेकतात. यांत तरुणांपेक्षा साठी ओलांडलेली माणसेच पुष्कळदा अधिक दिसतात. मुले शहरात, बाग मात्र आजी-आजोबांच्या भरवशावर; आणि मजुरीला येणाऱ्या बायकाही त्यांच्याच वयाच्या. आजचे हे चार शब्द त्यांच्यासाठी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांसाठी आहेत.

ज्या पाचोळ्यावर आपण विसावतो, त्यातच एक धोका दडलेला असतो. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात एका विषाणुजन्य तापाचा शोध लागला. जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे आजारी पडली, म्हणून लोक त्यास ‘माकडताप’ म्हणू लागले. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला. दोन्ही ठिकाणी काजूच्या बागांत राबणारी माणसे त्याच्या तडाख्यात सापडली.

नाव माकडाचे असले तरी हा आजार माणसाला देतो तो गोचीड. रानातील उंदीर, घुशी आणि माकडे यांच्या अंगावर तो वाढतो. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचीड खाली पाचोळ्यात पसरतात आणि पुढच्या सावजाची वाट पाहतात. बाल्यावस्थेतील हे गोचीड खसखशीच्या दाण्याएवढे असतात. वयोमानाने मंदावलेल्या दृष्टीला ते दिसतही नाहीत. डिसेंबर ते मे हा त्यांच्या सुळसुळाटाचा काळ, आणि काजूचा हंगामही नेमका तेव्हाच. एका माणसाकडून दुसऱ्याला हा ताप होत नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावे. रुग्णाची शुश्रूषा करण्यास भिण्याचे कारण नाही.

गोचीड चावल्यावर साधारण ३ ते ८ दिवसांत अकस्मात थंडी वाजून तीव्र ताप येतो. डोके फुटेल असे दुखते, कंबर आणि पोटऱ्या ठणकतात, उलट्या होतात, क्वचित नाक वा हिरड्यांतून रक्त येते. बहुतेक रुग्ण बरे होतात. तथापि काहींना ताप उतरल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप भरतो आणि त्या वेळी भ्रम, कंप, दृष्टीदोष अशी मेंदूची लक्षणे दिसतात. शंभरांतील ३ ते ५ रुग्ण दगावतात, असा आजवरचा अनुभव आहे. विषाणूवर नेमके औषध नाही. रुग्णालयात वेळेवर मिळालेली देखभाल हाच आधार.

इथे घरच्यांची जबाबदारी सुरू होते. वडीलधारी माणसे ‘ऊन लागले असेल’ म्हणून ताप अंगावर काढतात. मजुरीला येणारी बाई तर आजचा रोज बुडेल म्हणून तोंडातून चकार शब्द काढत नाही. म्हणून हंगामात ताप आला की प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि ‘आम्ही काजूच्या बागेत काम करतो’ हे वाक्य न विसरता सांगावे. त्या एका वाक्याने रक्ताच्या तपासणीची दिशा बदलते. अंगदुखीसाठी अॅस्पिरिन किंवा तत्सम वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नये. रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयविकारासाठी अॅस्पिरिन रोज चालू असेल, तर ती परस्पर बंदही करू नये. डॉक्टरांना तसे सांगावे आणि ते म्हणतील तसे करावे.

बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, पायघोळ कपडे मोज्यांत खोचावेत आणि गमबूट वापरावेत. आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीडरोधक तेल उघड्या अंगावर लावावे. विसाव्यासाठी पाचोळा टाळून दगड किंवा घोंगडी घ्यावी, आणि घोंगडी परतताना उन्हात झटकावी. घरी येताच कपडे गरम पाण्यात टाकून साबणाने अंघोळ करावी. काखा, जांघा, गुडघ्यांची मागची बाजू, कानांमागची जागा घरातील धाकट्या माणसाने पाहून द्यावी. गोचीड चिकटलेला दिसला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावा. बोटांनी चिरडू नये. गोठ्यातील गुरांच्या अंगावरील गोचिडांचाही पशुवैद्याच्या सल्ल्याने बंदोबस्त करावा. मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्रास व वनखात्यास कळवावे. त्या जागेभोवती कीटकनाशक टाकले जाते आणि आजाराची साखळी तेथेच तुटते.

शेवटी, बागमालक असलेल्या वाचकांना एक विनंती. १९५१ चा बागायत कामगार कायदा झाला तो मुख्यतः चहा, कॉफी, रबराच्या विस्तीर्ण मळ्यांचा विचार करून. दोन-तीन एकरांच्या काजूबागेत मजुराच्या पाठीशी उभा राहणारा बहुधा एकच माणूस असतो, आणि तो म्हणजे आपण. गमबुटांचे चार जोड, तेलाची बाटली, बादलीभर पाणी व साबण यांचा खर्च एका पोत्याच्या काजूहून अधिक होत नाही. त्याहून मोठे काम म्हणजे तिला निःशंकपणे सांगणे, ‘ताप असेल तर घरी राहा, आजचा रोज कापणार नाही.’ हे ऐकलेली बाई दुखणे लपवणार नाही, आणि वेळेत उपचारांपर्यंत पोहोचेल.

यंदाचा हंगाम उंबरठ्यावर आहे. आज सायंकाळी आपल्या घरातून बागेत कोण कोण जाते, त्यांची नावे एकदा मोजून पाहावीत आणि त्या प्रत्येकाच्या पायात काय असते, हेही पाहावे.