चौकटीवरची मातीची वाट

गेल्या पावसाळ्यात आमच्या मागच्या खोलीच्या चौकटीवर वाळवीने मातीची वाट चढवली. मी झाडूच्या टोकाने ती फोडली, तशा लाल मुंग्या जमल्या. अम्मी म्हणाल्या, "राहू दे, मुंग्याच साफ करतील." मलाही पटले. फुकटचे कामगार कोणाला नकोत! सकाळी पाहते तर भगदाड ओल्या मातीने बुजवलेले.

वाळवी ही वाट बांधते ती ओलावा टिकावा म्हणून आणि मुंग्यांपासून लपता यावे म्हणून. लोक तिला पांढरी मुंगी म्हणतात, पण नात्याने ती झुरळाच्या घरातली. मुंगी तर तिची वैरीण.

कामकरी वाळवी बहुधा आंधळी असते. ती ओळखते वासावर. किड्यांच्या अंगावर मेणासारखा पातळ थर असतो. त्यातल्या रसायनांचे मिश्रण जातीजातीत वेगळे, वारुळावारुळातही थोडे वेगळे. वाळवी डोक्यावरच्या स्पर्शिका टेकवते आणि आपला कोण, परका कोण हे तिला कळते. परका आला की कामकरी मागे सरतात आणि सैनिक मोठे डोके पुढे करून भगदाडाशी उभे राहतात. काही जातींचे सैनिक डोक्यावरच्या सोंडेतून चिकट रस उडवतात. काही डोके जमिनीवर आपटतात. तो हादरा लागला की पुढचे सैनिकही आपटतात आणि खबर आत पोहोचते. तेवढ्यात कामकरी तोंडाने मातीचे गोळे आणून दार लिंपतात.

पण मुंगी लाकडाच्या पलीकडे असेल तर? तिथे वास पोहोचत नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका वाळवीवर 2017 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की ती मुंग्यांच्या पावलांची थरथर लाकडातून टिपते. वाळवी आणि मुंग्या एकाच लाकडात अगदी जवळ राहतात त्या अशा. मुंगीच्या पावलांना आवाज असतो, हे मला तरी ठाऊक नव्हते!

तेव्हा भगिनींनो, वाट फोडून मुंग्यांवर भरवसा ठेवू नका. त्या हाती लागेल तेवढी वाळवी नेतात, आतल्या राणीपर्यंत सहसा पोहोचत नाहीत. आमच्याकडे मोरीचा पाइप भिंतीत गळत होता. आधी तो दुरुस्त केला, मग औषध मारणाऱ्याला बोलावले. चौकट बदलावीच लागली. शेजारच्या कपाटात दादींची हिशेबाची वही होती. वरचा पुठ्ठा शाबूत, आतली पाने जाळीसारखी. अम्मींनी ती तशीच कापडात बांधून ठेवली आहे.