मैफलीच्या दारातील प्रकाशचित्रकार

पनवेलीत दिवाळीची पहाट गाण्याने उजाडते, हे गावाचे भूषणच होय. परंतु अशाच एका मैफलीच्या दारी आम्हांस खांद्यावर कॅमेरा असल्याच्या अपराधासाठी अडविण्यात आले. परवानगी कोणाकडे मागावी, असे विचारता आयोजकांनी कलावंताकडे, कलावंताच्या माणसांनी आयोजकांकडे व दोघांनी मिळून दारावरील रखवालदाराकडे बोट दाखविले. आत मात्र असंख्य मोबाइल खुशाल उजळले होते!

कॅमेऱ्याने व्यत्यय येतो, असा आक्षेप आहे. विलंबित ख्यालाची बढत चालू असता डोळ्यांवर फ्लॅश मारणाऱ्यास बाहेर घालवावे, असे आम्हीही म्हणू. परंतु कोपऱ्यात निमूट बसलेल्या प्रकाशचित्रकारापेक्षा अंधारात चकाकणाऱ्या पडद्यांनी रसभंग अधिक होत नाही काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन प्रयोगाच्या ध्वनिमुद्रणावर व दृश्यमुद्रणावर कलावंताचा हक्क आला. त्यांतील दृश्यमुद्रण म्हणजे हलत्या चित्रांचे मुद्रण. स्थिरचित्र त्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे कायदा ज्याविषयी विशेष सावध, ते राजरोस चालते आणि दारात अडते ते स्थिरचित्र!

ज्याचे दार त्यास नियम करण्याचा अधिकार आहे, हे आम्ही नाकारीत नाही. आम्हांस नियम हवा, मर्जी नको. पाश्चात्य मैफलींत पहिली तीन गाणी फ्लॅशविना टिपावीत, असा रिवाज आहे. आपल्याकडे तो जसाच्या तसा चालणार नाही. एकच ख्याल तासभर चालतो आणि गायकाच्या मुद्रेवर खरा रंग चढतो तो मागाहून. म्हणून आपला नियम आपणच करावा: अर्ज आठ दिवस आधी, उत्तर लेखी, जागा ठरलेली, फ्लॅश वर्ज्य, आणि जाहिरातीसाठी चित्र वापरणे झाल्यास कलावंताची निराळी संमती. मात्र पासाच्या मोबदल्यात चित्रांचे सर्व हक्क लिहून मागणे हा शुद्ध अन्याय होय. जो कोणाच्या पैशाने काम करीत नाही, त्याच्या चित्राचा पहिला धनी तोच, असे कायदाही मानतो.

१९५३ साली भीमसेन जोशी यांनी गुरुस्मरणार्थ आरंभिलेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात सतीश पाकणीकर यांनी वर्षानुवर्षे कलावंतांच्या भावमुद्रा टिपल्या. त्यांस दारातूनच परतविले असते, तर हानी कोणाची झाली असती? सूर विरतो, त्या सुराने उजळलेला चेहरा तरी पुढील पिढीस पाहू द्यावा. पनवेलीत आद्यक्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांच्या नावाचे नाट्यगृह आहे व ते नागरिकांच्या मालकीचे आहे. असा लेखी नियम तेथील दर्शनी फलकावर झळकला, तर इतर आयोजकांस तो कित्ताच होईल.