फेब्रुवारीतली रिकामी वाडी

एखाद्या गावाची आर्थिक स्थिती जाणून घ्यावयाची, तर अभ्यासक प्रथम जनगणनेचा तक्ता उघडतो. शहापूर तालुक्यातील शेणवा गावाचाही असा तक्ता आहे. परंतु तो कोणत्या ऋतूत तयार झाला, हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही.

या टापूतील शेती मुख्यतः पावसावरची. भात, नागली, वरई. कापणी उरकली की मजुरी संपते. दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडकडील अनेक कातकरी कुटुंबे घेतलेली उचल फेडण्यासाठी मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. २०११ ची गणना मात्र ९ ते २८ फेब्रुवारीस झाली. त्या सबंध काळात जो गावी नव्हता, त्याची नोंद तो असेल तेथे व्हावी, असा नियम. प्रगणक भट्टीवरील झोपडीपर्यंत पोहोचला नाही, तर तो माणूस कोठेच नाही.

हा केवळ आकड्यांचा वाद नव्हे. आदिवासी भागात ३,००० वस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र, असा निकष आहे. मोजणीत घटलेली वाडी दवाखान्यासही मुकते.

फेब्रुवारीच्या निवडीस प्रशासकीय कारणे असतील. २०२७ च्या गणनेसाठीही १ मार्च हाच संदर्भदिन जाहीर झाला आहे. तेव्हा ग्रामपंचायतीने स्थलांतरितांची यादी ठेवावी आणि भट्ट्यांवर स्वतंत्र प्रगणक नेमावेत. प्रगणक बहुधा शिक्षकच असतात. दिवाळीनंतर वर्गातील कोणत्या जागा रिकाम्या होतात, हे त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार?